आई पर्यटक कशी झाली

परदेशात पर्यटक म्हणून शिरायचं तर आधी पर्यटक असावं लागतं. आई नव्हती, हे व्हिसा कचेरीतल्या साहेबांनी पहिल्याच भेटीत पकडलं.

"कशाला चाललात?"

"लेकीला मुलगी झालीय. जावई कामावर जातात, ती एकटी पडते. म्हटलं, बाळाला जरा सांभाळावं."

"म्हणजे काम."

"काम कसलं? नात आहे माझी!"

"पगार किती मिळणार?"

"नातीकडून?"

साहेब हसले नाहीत. बिनपगारी काम जास्त गंभीर, म्हणाले. त्याने तिथल्या दायांच्या पोटावर पाय येतो. अर्ज नामंजूर.

तिकडे ताई फोनवर रडायची, मागे बाळ रडायचं, इकडे आई. मग मीच आईची शिकवणी घेतली. कशाला जाताय? धबधबा बघायला. अजून? म्युझियम. बाळ? कुठलं बाळ?

"अरे, कुठलं बाळ काय? जीभ झडेल माझी!"

"आई, व्हिसा हवाय ना?"

दुसऱ्या भेटीत आई धबधब्यावर असं बोलली, की साहेबांनी शिक्का उचलला. तेवढ्यात आईला त्यांच्या शर्टाचं लोंबणारं बटण दिसलं. तिच्या पर्समध्ये सुईदोरा कायम असतो.

"हलू नका हं, टोचेल."

मी टेबलाखालून पाय मारला. तो साहेबांना लागला. आईने बटण शिवलं, दोरा दातांनी तोडला आणि जाता जाता टेबलावरचा कपाचा डागही पुसला. साहेबांनी बटण ओढून बघितलं. पक्कं होतं. मग त्यांनी शेरा लिहिला: 'अर्जदारास रिकामे बसता येत नाही. पर्यटनास अपात्र.'

"आता काय करायचं, साहेब?" मी हात जोडले.

"घरच्यांचं हमीपत्र आणा. अर्जदार घरात काहीही काम करत नाही, असं. कुटुंबातल्या सगळ्यांच्या सह्या, शिवाय एक शेजारी."

मला वाटलं, संपलं. एवढं धडधडीत खोटं कोण लिहून देणार?

बाबांनी पेन आधी उघडलं, कागद मग वाचला. "बरोबर आहे की. घरीच तर असते."

काका म्हणाले, "वहिनींना कसलं काम? मशीन आहे ना धुवायला." शेजारचे निवृत्त मास्तर म्हणाले, "मी खोट्या कागदावर सही करत नाही." त्यांनी तीनदा वाचून सही केली. मीही केली. ताईसाठी.

सह्या चालू असताना आईने सगळ्यांना चहा दिला. बाबांचा निवला म्हणून पुन्हा गरम करून दिला.

व्हिसा मिळाला. साहेब उठून उभे राहिले. "अभिनंदन, बाई. तुम्ही काहीच करत नाही हे सिद्ध झालं. इतकं एकमत आमच्याकडे क्वचित येतं."

आईने हमीपत्र मागून घेतलं आणि सह्यांवरून बोट फिरवत वाचलं. माझ्या सहीवर बोट जरा थांबलं. मग म्हणाली, "याची एक प्रत मिळेल?"

आई ताईकडे राहिली, धबधबाही बघितला, परत आली. आता ती प्रत ओट्याच्या वर चिकटवलीय आणि आई बाहेर खुर्चीत बसलेली असते. बाबांनी चहा मागितला की आत ओट्याकडे बोट दाखवते. "सही तुमचीच आहे ना?"

तुमच्याही घरातलं कुणी परदेशी जाणार असेल तर नमुना माझ्याकडे आहे, नाव तेवढं बदला. सह्यांची काळजी नको, सही करायला तुम्ही घरातच आहात.