सरकारमान्य पंचवीस डिसेंबर

सुख ही फार जबाबदारीची वस्तू असल्यामुळे ती जनतेच्या हाती देता येत नाही. हे आमच्या लंडनच्या पार्लमेंटला जितकं कळलं, तितकं कुणालाच कळलं नसेल. राजाशी लढून तिने आम्हाला त्याच्या जुलमातून सोडवलं, आणि तेव्हापासून सोडलेलंच नाही.

तिचे सगळे ठराव एकमताने होतात. (वेगळ्या मताच्या सभासदांना शिपाई दारातूनच घरी पाठवतात, वेळही वाचतो.) बायबलात तारीख सापडेना म्हणून अशाच एकमताने नाताळ रद्द झाला. त्या दिवशी दुकानं उघडी, चर्च बंद आणि चेहरे गंभीर ठेवावेत, असा हुकूम निघाला. नाताळचे खिमा, मनुका आणि लवंग भरलेले पाव तर राजद्रोहच ठरले, कारण ते लांबट असतात आणि येशूच्या गव्हाणीची आठवण करून देतात. (धर्मनिष्ठ सरकारला येशूची आठवण अशी परस्पर झालेली चालत नाही.)

आमच्या गल्लीतल्या विधवा टॅबिथाबाई क्राउल यांचं पोट एका भट्टीवर चालतं. त्यांनी कायदा पाळला आणि पाव गोल केले. गल्लीने ते सकाळीच फस्त केले. तीन उरले होते, तेवढ्यात पार्लमेंटचा सार्जंट ओबडाया नाक पुढे करून आला.

"बाई, हा लवंगेचा वास कसला?"

"दाढ दुखतेय हो, साहेब."

"आणि मनुका?"

"त्याही दाढेलाच."

"पाव गोल आहे खरा. पण मनातून लांबट नसेल कशावरून?"

सार्जंटने चौकशी म्हणून एक पाव खाल्ला. दोष सापडेना म्हणून दुसरा खाल्ला. तिसरा संपल्यावर पुरावाच उरला नसल्याचं त्याच्या ध्यानात आलं, आणि पुरावा नष्ट केल्याबद्दल त्याने बाईंना दोषी धरलं. (माणूस न्यायी, स्वतःच्या मिशीतले कण त्याने बाईंविरुद्ध वापरले नाहीत.) भट्टी फोडायचा हुकूम झाला.

"अहो, कुणीतरी सांगा ना यांना, पाव गोल होते म्हणून!" बाई गल्लीकडे वळून ओरडल्या. "तुम्हीच खाल्लेत ना सकाळी!"

गल्लीने तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर लवंगेचा वास आला असता.

भट्टी फुटली. बाई विटा वेचत बसल्या, आणि खरं सांगतो, ते बघवत नव्हतं.

कुणीतरी बोलायला हवं होतं, असं तुम्हाला वाटलं ना? अगदी बरोबर. त्या संध्याकाळी घरोघरी सगळे हेच म्हणत होते, दार नीट लावून. तुम्हीही आत्ता ते मनातल्या मनातच म्हणालात, हे फार शहाणपणाचं केलंत.