उजवा हात रिकामा नाही

"एक महिना दे दादा! महिन्यात बेस गिटार नाही वाजवली, तर या पार्टीचं तोंड नाही पाहनार!"

रवी छाती ठोकून हे बोलला, तेव्हाच कोणीतरी त्याला खाली बसवायला हवं होतं. पण बाभुळगावात असा माणूस वेळेवर कधी भेटतो? धम्मरत्नच्या भीमगीतांच्या पार्टीत रवी आठ वर्षं होता. कशाला? वायरी गुंडाळायला आणि स्पीकर उचलायला! स्टेजवर बसण्यासाठी त्याचा जीव तुटायचा. बेस वाजवणारा भारत नोकरीसाठी पुण्याला गेला आणि धम्मरत्ननं ते चार तारांचं धूड रवीच्या गळ्यात घातलं.

"कळंबचा प्रोग्राम हाय महिन्यानं. नाही जमलं तं पुसदचा मानूस आनतो मी," त्यानं बजावलं.

रवी संध्याकाळी कॉम्प्युटरचा क्लास घ्यायचा. दिवसभर मोकळा! आता मोकळा म्हणजे कसा, तर बायको ममता कळंबला ऑफिसात आणि सात महिन्यांची रंजिता याच्याकडे. पोरगी गुणी, दुपारी चार-चार तास झोपायची. अट एकच, पाळणा थांबता कामा नये! थांबला की असं भोकाड पसरायची, की शेजारच्या म्हशी पान्हा चोरायच्या.

म्हणजे उजव्या हातात पाळण्याची दोरी. उरला डावा. रवीनं हिशोब केला: तारा दाबायच्या डाव्यानंच ना? मग आधी डावा शिकू, उजव्याचं बघू नंतर! गिटारला जोडलेला हेडफोन कानाला लावला, गिटार मांडीवर घेतली. आणि काय सांगू, डाव्या हाताची बोटं तारेवर जोरात आपटली तरी सूर निघायला लागला! दाबणारं बोटही तेच, वाजवणारं बोटही तेच! गडी खूश. तीन आठवड्यांत डावा हात अख्खी गाणी वाजवू लागला. उजव्याचं मात्र राहूनच गेलं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण रवीला एक वडील होते. बाबाराव, एसटीतले रिटायर कंडक्टर, राहायला गल्लीच्या टोकाला. एका दुपारी ते आले. पोरगी उठू नये म्हणून दाराला आतून कडी, म्हणून त्यांनी खिडकीतून डोकावलं. पाळणा आणि दोरी कपाटाआड, ती काही दिसेनात. दिसलं ते असं: मुलगा डोळे मिटून बसलाय, डाव्या हाताची बोटं थडाथड उडताहेत आणि उजवा हात आपला उगाच मागंपुढं, मागंपुढं! खोलीत आवाज शून्य. बाबारावांनी तीन हाका मारल्या. हेडफोनवाल्याला कसल्या ऐकू येतात!

त्यांनी तिथूनच पुसदला बहिणीला फोन लावला. "नले! रवीले लकवा मारला वं! उजवा हात गेला, कानबी गेले!"

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता नलूआत्या लसणाच्या तेलाची बाटली घेऊन हजर! मागं गल्लीतल्या आठ बाया. रवीनं कडी काढून पुन्हा दोरी धरायचा अवकाश, आत्यानं त्याचा उजवा हात गच्च धरून ओढला. हाताबरोबर दोरी ओढली गेली, दोरीबरोबर पाळणा, आणि रंजितानं टाहो फोडला.

"आत्या, सोड! माह्या हाताले काही नाही झालं!"

"पाह्यलं? हात लावू देत नाही! लकव्याच्या मानसाले समजतच नाही बाप्पा, आपला हात गेला म्हनून!"

"अवं, हा पाह्य, हालते ना!"

"आता हालते, मंग जाते. तेल लाव वं जमना!"

रवी ओरडला, हात नाचवला, पाळणा दाखवला. पण जो जास्त ओरडतो तो जास्त आजारी, असा आठही बायांचा निकाल! संध्याकाळपर्यंत त्याच्या अंगाला लसणाचा असा वास सुटला, की स्वतःची लेक त्याच्याकडे येईना. आणि सात वाजता धम्मरत्नचा निरोप आला: आराम कर. पुसदच्या माणसाला सांगितलंय.

रवीच्या डोळ्यांत पाणी आलं. आठ वर्षं वायरी गुंडाळल्या, त्या काय यासाठी? गिटार उचलून तो तडक तालमीच्या हॉलवर गेला.

"दादा, हात चांगला हाय माहा!"

"मंग वाजवून दाखव ना गड्या," धम्मरत्न हळुवारपणे म्हणाला.

रवीनं उजवा हात तारांवर ठेवला. महिन्यात पहिल्यांदा! त्या हाताला एकच काम येत होतं, मागंपुढं होणं. तारा खरखरल्या, बोटं अडकली, एक नख गेलं. ढोलकीवाल्या भीमराजनं तोंड फिरवून डोळे पुसले. वैतागून रवीनं उजवा हात खाली सोडला आणि अख्खं गाणं डाव्यानं वाजवलं, एक सूर चुकू न देता!

धम्मरत्ननं त्याला मिठीच मारली. "एका हातानं! कळंबले तूच वाजवशीन. दुसरा कोनी नाही!"

खरं सांगायला रवीनं तोंड उघडलं. मग पुसदचा माणूस आठवला आणि मिटलं.

"सांगून टाका ना एकदाचं," ममता घरी म्हणाली. "मले तं लाजच वाटते, लोकं तुमची तब्येत विचारतात तं!"

"प्रोग्राम झाल्यावर सांगतो!"

कळंबच्या स्टेजवर धम्मरत्ननं माइकवरून त्याच्या जिद्दीवर पाच मिनिटं घेतली. रवीनं मान खाली घालून वाजवलं, आणि काय वाजवलं! गाणं संपलं, लोक उभे राहिले, हजार गळ्यांतून एकदम "जय भीम!" उठलं. रवीनंही गहिवरून जय भीम घातला. जसा जन्मभर घातला तसा. दोन्ही हात जोडून!

मैदानभर बोटं त्याच्या उजव्या हाताकडे वळली. मग अशा टाळ्या पडल्या, की मंडप हलला. धम्मरत्न माइकवर रडत होता. "हात आला! आपल्या रवीचा हात आला! आता पुढचं गानं दोन्ही हातानं होऊन जाऊ द्या!"

रवीनं ममताकडं पाहिलं. ती चपला शोधत होती.

मग दोन्ही हातांनी झालं. कसं झालं ते विचारू नका. दुसऱ्या कडव्यालाच भीमराजनं ढोलकी थांबवली, आणि त्या शांततेत पहिल्या रांगेतून बाबारावांचा आवाज साऱ्या मैदानानं ऐकला.

"नले, लकवा होता तेव्हाच चांगला वाजवे वं पोट्टा!"