व्याह्यांभोवतीचा बदाम

लग्नाची कॅसेट बनवावी तर आपणच! अठ्ठ्याण्णव साली आमच्या नौपाड्याच्या गल्लीत कॉम्प्युटरवर एडिटिंग करणारा मी एकटा. आईबाबांनी नाव विश्राम ठेवलं, पण मला दोन मिनिटं एका जागी बसवत नाही. काम सुरू केलं की ते कधी संपतंय, एवढंच डोक्यात!

कोपरीच्या गोमाजींच्या सगुणाचं लग्न झालं. रविवारी तिच्या सासरची माणसं पहिल्यांदाच जेवायला येणार आणि तेव्हा कॅसेट लावायची, असं ठरलेलं.

आदल्या आठवड्यात सुमेधा नावाच्या मुलीच्या लग्नासाठी मी एक लाल बदाम केला होता. वरून डुलत येतो, नवरा-नवरीच्या चेहऱ्यांभोवती थांबतो आणि खाली अक्षरं उमटतात, 'जन्मोजन्मीची साथ'! कुठल्या क्षणी बदाम कुठे असावा, याच्या खुणा एकेक करून द्याव्या लागतात. त्यांना म्हणतात कीफ्रेम. तीन दिवस गेले होते त्यात. पुन्हा कोण एवढं बसणार? सुमेधाच्या खुणा जशाच्या तशा उचलल्या आणि सगुणाच्या सात क्लिपांवर चिकटवल्या. पाच मिनिटांत काम फत्ते! कॅसेट भरली, पण बघितली नाही. तीन तास लग्न बघायला मी काय भटजी आहे?

रविवारी गोमाजींकडे सगळ्यांसमोर कळलं. सुमेधाचं जोडपं पडद्यावर डावीकडे होतं. सगुणाचं उजवीकडे! डावीकडे उभे होते सगुणाचे सासरे दगडू आणि त्यांना सरबत देणारी सगुणाची विधवा मावशी, मनुबाई.

बदाम डुलत आला. दोघांभोवती थांबला. 'जन्मोजन्मीची साथ'!

पोरं खिदळली. पुढच्या क्लिपमध्ये मनुबाई विडा देत होती. बदाम! त्याच्या पुढच्या क्लिपमध्ये दोघं कशावर तरी हसत होते. बदाम!

चौथ्या बदामाला सगुणाची सासू केशरबाई ताडकन उठली. "चला! या घरान मी जेवनार नाय!"

"अगं, नुसता सरबत पिला मी!" दगडू कळवळले.

"न् इडा? न् हसलाव ता?"

सगुणा रडायलाच लागली. मनुबाई स्वयंपाकघरात पळाली. गोमाजी माझ्याकडे असे बघत होते की मी घाईघाईत ओरडलो, "अहो, ते कॉम्प्युटरने केलंय!"

झालं! केशरबाई आणखी भडकली. "पोरांची पत्रिका कंपुटरनंच जुलवली ना? अठ्ठावीस गुन! तवा खरा बोलला, न् आता खोटा बोलंल? त्याला कसा कलला या दोघांचा?"

"चूक माझी आहे, काकू! मी न बघता चिकटवलं!"

"यांना वाचवाला बोलतंस तू!"

शेवटी भरल्या ताटांवरून उठून केशरबाई, दगडू, गोमाजी आणि मी एकाच रिक्षात कोंबून बसलो, आणि थेट माझ्या दुकानात. मी मशीन चालू केलं. ते सुरू होईपर्यंत माझा पाय सारखा हलत होता. बदाम माउसने उचलला, गोमाजींवर ठेवला. बँडवाल्यावर ठेवला. मग मांडवाच्या खांबावर ठेवला.

"बघितलंत? मी ठेवीन तिथे जातो तो. त्याला काही कळत नाही!"

केशरबाई खुर्ची ओढून पडद्याजवळ सरकली. मग हळूच म्हणाली, "मंग आमचेवर ठेव. माझ्यावर न् यांच्यावर. आमचे लग्नान फोटू पन नव्हता रं."

दगडूंनी मान खाली घातली. गोमाजींनी घसा खाकरला.  आयुष्यात पहिल्यांदा मी जागचा हललो नाही. जिथे जिथे ती दोघं दिसत होती, तिथे तिथे एकेक खूण हाताने दिली. सातही बदाम अगदी नेमके बसले!

केशरबाई खूश होऊन जेवायला गेली. नवी कॅसेट मी स्वतः नेऊन दिली.

आठवड्याने सगुणाचा फोन आला.

"विश्रामदादा, सासू रोज लावते कॅसेट. लय भारी झालीय! पन मला एक सांग..."

"काय गं?"

"लगीन नक्की कुनाचा होता?"