तळ्यात शिरलेलं लढाऊ जहाज

"धाड घालायला अक्कल लागत नाही, छाती लागते!" भर मेजवानीत बिअरने भरलेलं शिंग उंचावून व्हायकिंग सरदार आस्गौत गरजला. "पहाटे नदीत शिरायचं, गाव डोळे चोळेपर्यंत लुटून परत समुद्रात!"

"मामा, तो जमाना गेला," सुकाणू धरणारा भाचा हाल्वार म्हणाला. "समुद्रापलीकडच्या राजाने जागोजागी कोट बांधलेत म्हणे."

"कोट बांधोत नाहीतर टोपी घालोत! मी पोरांना घेऊन जाणार आणि धडधाकट परत आणणार!"

आणि गेला! पण नदीच्या वळणावर आडवा पूल! दोन्ही टोकांना तटबंदी, वर पहारेकरी. त्यातला एक शांतपणे कांदा खात यांच्याकडे बघत होता.

"हा पूल कुठून आला?" आस्गौत ओरडला.

"मामा, तुम्ही वीस वर्षांनी येताय. नदी काय तुमच्यासाठी राखून ठेवणार होते?"

आस्गौत चिडला. "जहाज उचला! पुलाला वळसा घालू!"

ओंडक्यांवरून जहाज ओढता ओढता सगळ्यांचे खांदे सोलून निघाले. त्यात धुकं असं, की स्वतःची दाढी दिसेना! अखेर पाणी लागलं. धप्प! वल्ही सपासप चालली. एक वाकडं झाड गेलं. थोड्या वेळाने तसंच दुसरं. मग तिसरं.

"इकडची झाडं सगळी सारखीच," आस्गौत म्हणाला.

धुकं विरलं. काठावर धुणं धुणारी बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. "अहो, पाणचक्कीचं तळं आहे हे! बदकं घाबरलीत माझी!"

तिच्यामागे ढालीला ढाल भिडवून पहारेकऱ्यांची भिंतच उभी राहिली. पळायला समुद्र नव्हता. आस्गौतने पोरांचे पांढरे पडलेले चेहरे पाहिले. त्याने मुकाट्याने कुऱ्हाड खाली ठेवली.

"बरं केलंत," पुलावरचा कांदा खाणारा पहारेकरी म्हणाला. "आज बाजार आहे. विकायला काही आणलंय?"

"विकायला?" आस्गौत थिजलाच.

हाल्वारने बाकाखालून वालरस या समुद्री जनावराच्या कातड्याचे दणकट दोर ओढून काढले. "असू द्यावेत म्हणून घेतले होते, मामा."

वेशीतून आत नेऊन बाजारात मांडले, तर सगळे दोर खपले. जहाज नदीपर्यंत न्यायला गावाने बैलसुद्धा दिले!

घरी परतले तेव्हा आस्गौतची बायको थोरगुन धक्क्यावरच उभी होती. "काय झालं? शिरलात गावात?"

"भर दिवसा! सरळ वेशीतून!" आस्गौतने मिशीवर ताव दिला. "कुणाची अडवायची हिंमत झाली नाही!"

"अगंबाई, इतकं सोपं आहे? मग पुढच्या खेपेला मलाही न्या. मला एक मोठी कढई घ्यायचीय!"