घोडेचोराचा पुरावा

"चुकीचा कागद माझ्या हातून सुटलाय का कधी?" काडिरकुल गुरुजींनी मिशीवर ताव देत बायकोला, सैराला, विचारलं. नारीन शहराजवळच्या त्या गावात तीस वर्षं त्यांनी मुलांकडून एकच घोकून घेतलं होतं. छापलेलं काहीही दिसलं, की विचारायचं, "कोण म्हणतो? कशावरून?"

त्यामुळे शेजारच्या ओरोझालीनं गावाच्या वंशावळीचं पुस्तक काढलं, तेव्हा गुरुजी लाल पेन्सिल परजून बसले. आणि चाळिसाव्या पानावर विंचू चावल्यासारखे उठले! नात झिबेकचा सातवा पूर्वज बोकोई, धंदा घोडेचोरी!

"चार दिवसांवर लग्न, आणि हा आम्हाला चोर ठरवतो!"

"अहो, बसा! लोकरीचा नमदा झिजला तुमच्या फेऱ्यांनी," सैरा म्हणाली.

बसतात कसले! चहा गार झाला, दुसरा केला, तोही गार झाला. गुरुजींनी वर्तमानपत्राला खरमरीत उत्तर धाडलं: ओरोझाली थापाड्या! आमचा पूर्वज बोकोई नव्हे, वीर कुबात!

ते छापून आलं त्याच सकाळी व्याही टोकोई दारात हजर. घोड्यावरून उतरलेसुद्धा नाहीत.

"गुरुजी, कुबात आमचाही सातवा! सात पिढ्यांत पूर्वज एक, म्हणजे नवरानवरी बहीणभाऊ. लग्न मोडलं!"

"आजोबा, मला चोर चालला असता हो!" झिबेक रडू लागली.

दुपारी निवाडा करायला शाळेच्या अंगणात वडीलधारी मंडळी जमली, मुलंही गोळा झाली. तेवढ्यात गुरुजींची चौथीतली विद्यार्थिनी नुरजात उठली.

"गुरुजी, कुबात तुमचा, हे कोण म्हणतो?"

"माझे आजोबा."

"कशावरून?"

गुरुजींनी घसा खाकरला. आजोबा घोडीचं आंबवलेलं, झिंग आणणारं दूध जरा जास्त झालं, की हे सांगत असत.

"शाब्बास पोरी!" ते ओरडले. "मी चुकलो! ओरोझाली, तुझा पुरावा काढ!"

"पण तुम्ही तर मला थापाड्या म्हणालात!"

"म्हणालो. आता वाच, बाबा!"

ओरोझालीनं जुनी फिर्याद उलगडली. तीत चोराच्या मुलाचंही नाव होतं, गुरुजींच्या खापरपणज्याचंच. 'त्याचा बाप बोकोई यानं माझ्या अकरा घोड्या पळवल्या. एक तर मी वर बसलेलो असताना! फिर्यादी: कुबात.'

"ऐकलंत? दोघं वेगळे!" गुरुजी आनंदानं नाचायचेच बाकी होते. "आम्ही अस्सल चोर! पिढीजात!"

टोकोईंनी फिर्याद दोनदा वाचली, दाढी कुरवाळली आणि मान डोलावली. लग्न ठरल्या दिवशी झालं. गुरुजी ताठ मानेनं मिरवले.

वऱ्हाडानं आपले घोडे मात्र दुहेरी गाठीनं बांधले होते.