रघुबाची माटोळी

रघुबाच्या घरी माटोळीला काकडी नसते. तागडीचं पारडं असतं.

ज्यांना माटोळी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या गुंद गावात गणपतीच्या डोक्यावर एक लाकडी चौकट आडवी टांगतात. तिला रानातली फळं, शेंगा, कणसं, काकड्या लटकवतात. गणपती बोळवला की ती उतरवतात. यात डोकं चालवण्यासारखं काही नाही. पण माझा शेजारी रघुबा याच चौकटीला मोडकी रवी, जुनं इरलं, नारळाच्या करवंटीची डवली, लोहाराच्या भात्याची मूठ असलं सामान टांगतो आणि गणपती जाऊन महिने लोटले तरी उतरवत नाही.

या वस्तू त्याच्या स्वतःच्या असत्या, तर मी एक अक्षर बोललो नसतो. पण रवी पाटलांच्या घरची, इरलं भिकूचं, आणि पारडं नथूशेटच्या दुकानातलं. बिचारा नथूशेट आता एका बाजूला पितळी पारडं आणि दुसऱ्या बाजूला सुपारीच्या पानाचा द्रोण बांधून मीठ तोलतो. त्या तागडीवरचं मीठ मी घेत नाही. बायको म्हणते, चिमूटभर इकडे तिकडे झालं तर काय बिघडलं. चिमूटभरानंच बिघडतं.

रघुबाला मी जाब विचारला की त्याचं उत्तर ठरलेलं. मान तिरकी करून म्हणतो, "निजली हुती तात्या. उठवून आणली."

म्हणजे त्याच्या मते आपापल्या घरात वस्तू झोपलेल्या असतात आणि हा त्यांना जागं करत हिंडतो. भिकू एकदा म्हणाला, "माझं इरलं खुंटीवर जागंच हुतं की रे." रघुबा म्हणाला, "भोकं बघ त्येला. जागं असतं तर भिजला असतास व्हय तू?" यावर भिकू हसला. गावाचं हे असं आहे. हसतात, म्हणून हा सोकावला.

शिवाय ती माटोळी बांधायची पद्धत. माटोळी डोक्याच्या वर हातभर असावी, म्हणजे माणूस खालून नीट जातो. रघुबाची छातीला लागते. गेल्या वर्षापासून त्यानं चौकटीला बांबू जोडत जोडत ती ओटीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नेली आहे. त्याच्याकडे गेलं की वाकून शिरावं लागतं. सागवान लपवलंय का ते बघायला एकदा जंगलखात्याचा गार्ड आला होता, तो कपाळाला पारडं लागून परत गेला. मी रघुबाला उंचीचं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "बरोबर हाय तुमचं," आणि होती तशीच ठेवली.

हे सगळं मी सोसलं. पण परवा त्यानं माझ्या कपिलेच्या गळ्यातली घंटा काढून नेली.

फणसाच्या लाकडाची घंटा. गाय रानात चरते, झाडी दाट, दहा पावलांवरचं जनावर दिसत नाही. टोक-टोक आवाजावरच तिला हुडकायचं. आणि आमच्या रानात वाघ आहे. त्या दिवशी दिवेलागण झाली तरी कपिला आली नाही. मी आणि बायको कान देऊन ओढ्याकाठी उभे, आणि रान गप्प. शेवटी बायकोच्या हाका ऐकून ती आपणहून बांबूच्या बेटातून बाहेर आली, म्हणून वाचली. गळ्यात नुसता दोर.

सकाळी उठलो तो तडक रघुबाच्या घरी. काय काय बोलायचं ते वाटेत क्रमानं ठरवलं होतं.

ओटीवर रघुबा नव्हता. त्याची बहीण गंगाक्का होती. दोन वर्षांपूर्वी तिला देवी आल्या. जीव वाचला, डोळे गेले. पूर्वी गावात एक घर असं नव्हतं जिथं ती दिवसातून एकदा डोकावत नसे. आंधळेपणी तशीच निघाली आणि ओढ्यात घसरली, तेव्हापासून उंबरा ओलांडत नाही.

ती माटोळीला हात लावत चालली होती. मी दारातच थांबलो. हाताला रवी लागली. ती म्हणाली, "पाटलीणबाई, ताक झालं काय?"

आतून, चुलीपाशी बसलेल्या रघुबानं बायकी आवाजात उत्तर दिलं, "व्हय अक्का, लोणी यायला लागलंय."

ती पुढं सरकली. पारडं वाजलं. "नथूशेट, मीठ हाय?" आतून नथूशेटचा खोकला आला, अगदी हुबेहूब. मग इरलं. मग त्याला चिकटूनच माझी घंटा. टोक-टोक. गंगाक्काचा चेहरा उजळला.

"तात्यांचं घर आलं. तात्या, येऊ काय?"

आतून आवाज आला, "पाय धुऊन ये अक्का. अंगण आत्ताच सारवलंय."

गंगाक्का पदर तोंडाला लावून हसली. तो आवाज माझा होता. हे वाक्य मी आयुष्यात फार तर दोनदा बोललो असेन, आणि दोन्ही वेळा अंगण ओलं होतं.

"रघुबा," मी म्हणालो.

तो फुंकणी हातात घेऊन बाहेर आला. मला बघून त्याची मान तिरकी झाली नाही. तो घंटेची गाठ सोडायला लागला. गंगाक्काचा हात अजून घंटेवरच होता. तिनं विचारलं, "काय रे, तात्या घर सोडून चालले काय?"

ठरवलेलं सगळं माझ्या तोंडाशी होतं. पण समोर जे टांगलेलं होतं ते मला आता गावातलं एकेक घर म्हणून दिसायला लागलं होतं, आणि त्यात एक ढळढळीत चूक होती.

"ही घंटा चुकीच्या जागी बांधली आहेस," मी म्हणालो. "भिकूचं घर आणि माझं घर एकमेकांना चिकटून आहेत का? मधे ओढा आहे. ओढा कुठं गेला?"

रघुबा बघतच राहिला.

"बघतोस काय? दीड हात पलीकडे सरकव. जागा रिकामी ठेव. गाईला मी सुताराकडून दुसरी करून घेतो, तोवर गोठ्यात राहील. पण टांगायचं तर नीट टांग."

त्यानं गाठ सोडली आणि मी दाखवलं तिथं घंटा बांधली. मी वीत लावून पाहिली. बरोबर होतं.

गंगाक्का पुन्हा पाटलांपासून निघाली. इरल्यापर्यंत आली. पुढं हात केला, हाताला काही लागलं नाही. ती थांबली. मग एका हातानं लुगडं घोट्याच्या वर उचललं आणि पाऊल लांब टाकलं.