अडीच तासांची सरळ वजाबाकी

बस डेपोत आयुष्यभर वेळापत्रकं लावलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ कुणी शिकवायचा नसतो, हे टाइमटेबलकाकांचं ठाम मत. परदेशातल्या लेकीने पाठवलेली विमानाची तिकिटं त्यांनी चष्म्याजवळ नेली आणि टेबलावर थाप मारली.

"सुटणार सकाळी नऊला, पोचणार साडेअकराला. अडीच तास! सरळ वजाबाकी! आणि म्हणे लांब, लांब!"

काकूंना विमानाची धास्ती आहे, असं काकाच गावभर सांगत सुटले होते. पण लेकीचे दिवस भरत आले होते, जवळ आपलं असं कुणी नाही. काही झालं तरी काकूंना तिथे पोचवायलाच हवं होतं.

"अगं, डोळे मिटून बस. एक डुलकी, की लेकीच्या दारात!"

काकू बॅग भरायला लागल्या. काकांना वाटलं, पटलं.

विमानात घोषणा झाली तेव्हा काका पट्ट्याशी झटापट करत होते. त्यामुळे ती काही कानावर पडली नाही. मग विमान उडालं, काकूंनी डोळे मिटले आणि बरोबर साडेअकराला काका उठून वरची बॅग ओढू लागले. बाकी कुणी जागचं हलेना! काय ही सुस्त माणसं!

हवाईसुंदरी धावत आली. "काका, काय हवंय?"

"उतरायचंय!"

"उतरायचंय?!"

काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. खाली नुसतं पाणी!

"अजून साडेअकरा आहेत, काका."

"तेच म्हणतोय मी! साडेअकरा वाजले की!"

"वाजले नाहीत, राहिलेत! साडेअकरा तास! तिकिटावर पोचायची वेळ आहे ती तिकडच्या घड्याळाची. एकूण चौदा तास, तेरा हजार किलोमीटर."

काकांनी बॅग पुन्हा वर ढकलली. चौदा! "मधे एखादा थांबा?"

"नाही."

"निदान चहापाण्याला?"

"चहा इथेच मिळेल, काका. तुम्ही आधी बसा बघू."

काका मटकन बसले. आता हिला कळलं तर ही सगळं विमान डोक्यावर घेणार! तेवढ्यात काकूंनी एक डोळा उघडला.

"आलं का?"

"आलंच! जरा सिग्नल मिळत नाहीये."

"एवढ्या वर सिग्नल?"

"वरच तर खरी गर्दी असते!"

इतक्यात जेवणाची गाडी आली.

"आलंच आहे, तर आता जेवण कशाला?"

"उरलेलं असतं गं. उतरायच्या आधी वाटून टाकतात."

आणि विमानाने असा काही गचका दिला की काकांनी गच्च काकूंचा हात धरला. "घाबरू नकोस! मी आहे!"

"अहो," काकू शांतपणे म्हणाल्या, "चौदा तास लागतात. ठाऊक आहे मला."

"काय?!"

"पोरीने महिन्यापूर्वीच सांगितलं. म्हणाली, बाबांना कळू देऊ नकोस, नाहीतर ते काही विमानात चढायचे नाहीत. आणि तुम्हाला मागे एकटं सोडून मी कशी निघणार होते?"

काकांनी छाती पुढे काढली. "मी? मी घाबरतो?"

"छे! मुळीच नाही. मग सोडा आता माझा हात. बोटं पार बधिर झालीत."

हात सोडायचं काकांनी अगदी मनावर घेतलं होतं. पण विमान पुन्हा हललं.

"राहू दे गं," काका डोळे घट्ट मिटून म्हणाले, "तुलाच आधार!"